आधी इजाजत, मग नाडी

भाची एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. मागच्या ईदनंतर दोन दिवसांची सुट्टी काढून ती आमच्याकडे माणला आली, तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा सामान जास्त होतं. नवा स्टेथोस्कोप, रक्तदाब मोजायचा पट्टा, हातात धरायचा रबरी फुगा आणि एक जाडजूड वही. घरात डॉक्टर आली ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागत नाही. दुपारी शेजारच्या दोघी येऊन बसल्या. अम्मीने एका हातात चहाचा कप तसाच ठेवून दुसरा हात पुढे केला आणि म्हणाली, "ले, देख."

भाचीने हात धरला नाही. ती मोढा ओढून अम्मीच्या समोर बसली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "अस्सलामु अलैकुम नानी. मी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहे, अजून डॉक्टर झालेले नाही. तुमच्या दंडाला हा पट्टा बांधून रक्तदाब मोजायचा आहे. थोडा वेळ आवळल्यासारखं वाटेल. नको वाटलं तर मधेच सांगा, मी लगेच थांबेन. चालेल का?"

शेजारणी हसू लागल्या. नातीने नानीची परवानगी मागायची म्हणजे काय! मलाही हसू आलं. अम्मी मात्र हसली नाही. तिने कप खाली ठेवला, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "हां बेटा, देख ले." मग जरा थांबून, "मुझे तो उस दिन किसीने नहीं पूछा था."

तो दिवस आम्हा बहिणींना माहीत होता, पण अम्मीच्या तोंडून पूर्ण कधी ऐकला नव्हता. अकरा-बारा वर्षं झाली असतील. पोटात दुखतं म्हणून तिला शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात भरती केलं होतं. सकाळी मोठे डॉक्टर आले आणि त्यांच्यामागे बारा-पंधरा शिकाऊ मुलं-मुली. पडदा ओढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरांनी पोटावरचा कपडा सारला, एका जागी दाबलं, इंग्रजीत काही सांगितलं आणि मग मुलांना म्हणाले, तुम्ही पण बघा. एकामागून एक चार-पाच जणांनी त्याच दुखऱ्या जागेवर हात दाबला. कुणी नाव सांगितलं नाही, कुणी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मागे उभे असलेले दोघं आपल्याच कुठल्या गोष्टीवर हसले. अम्मीने पदर तोंडावर घेतला आणि खालचा ओठ चावत पडून राहिली. सगळ्या इंग्रजीतला एकच शब्द तिला कळला होता, 'केस'.

त्यानंतर दोन वर्षं तिने पोटदुखी आमच्यापासून लपवली. ओव्याचं पाणी पी, शेक घे, असं चाललं. शेवटी पित्ताशयात खडे होऊन तिथं सूज आली, ताप चढला, तेव्हा रात्रीच्या रात्री न्यावं लागलं आणि साधं झालं असतं ते ऑपरेशन अवघड झालं. अल्लाहचे आभार की ती आज आमच्यात आहे. पण त्या दोन वर्षांचं कारण पित्ताशय नव्हतं, तो उघडा पडदा होता.

आता दुसरी बाजू. शिकणाऱ्याला कुणाच्या तरी पोटावरच शिकावं लागणार. ज्या सर्जनने त्या रात्री अम्मीचा जीव वाचवला, तोसुद्धा कधीकाळी अशाच घोळक्यात मागे उभा असेल. त्यामुळे मला प्रश्न पडला तो हा की ही पोरं हे शिकतात कधी आणि त्यांना शिकवतं कोण. मी स्वतः उर्दू-मराठी शिकवणारी मास्तरीण, बी.एड. झालेली. शिकवण्याचं शास्त्र म्हटलं की माझे कान टवकारतात. भाचीची वही दोन दिवस माझ्याच हातात होती.

पूर्वी डॉक्टरकीचं पहिलं वर्ष-दीड वर्ष पुस्तकं, मृतदेहाचं विच्छेदन आणि प्रयोगशाळा यांत जायचं. पेशंटचं तोंड दिसायचं ते त्यानंतर आणि एकदम वॉर्डात. कसं बोलायचं, कुठं उभं राहायचं, हात कसा लावायचा हे कुणी शिकवायचं नाही. मोठ्यांचं पाहून जे येईल ते. चांगले गुरू मिळाले तर चांगलं, नाहीतर 'केस'. हे बदललं ते २०१९ साली. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आणला. त्या वर्षीच्या तुकडीपासून सुरुवातीलाच महिनाभराचा, १७५ तासांचा पायाभूत वर्ग आला. त्यात प्रथमोपचार, हात धुणं, जीवरक्षणाचे प्राथमिक उपाय यांच्या कौशल्यांना ३५ तास दिले होते आणि स्थानिक भाषा, इंग्रजी, संगणक यांना मिळून ४० तास. पहिल्याच वर्षात पेशंटची ओळख व्हावी म्हणून आणखी ९० तास. शिवाय वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा विषय. पुढे तासांची ही आखणी बदलली, पण डॉक्टरकी पहिल्या दिवसापासून माणसाजवळ बसून शिकायची, हे तत्त्व राहिलं. विच्छेदनाच्या टेबलावरचा देह हा पहिला गुरू आहे, असंही आता या मुलांना सांगितलं जातं. भाचीच्या वहीत त्या पानावर फक्त चार ओळी होत्या. ती म्हणाली, "खाला, उस दिन कुछ लिखाच नहीं गया."

ही वही वाचताना मला आमचं बी.एड. आठवलं. आम्हाला सूक्ष्म अध्यापन असायचं. पूर्ण तास घ्यायचा नाही, पाच-सहा मिनिटं घ्यायची आणि एकच कौशल्य दाखवायचं. आज फक्त प्रश्न विचारणं, उद्या फक्त फळ्यावर लिहिणं. समोर बाकांवर आपलेच सहाध्यायी मुलं बनून बसलेले. मग सगळे चुका सांगणार, आणि त्याच दिवशी तोच पाठ पुन्हा. तेव्हा आम्ही त्याची टिंगल करायचो. पण खऱ्या वर्गात पाऊल टाकलं तेव्हा माझे पाय कमी कापले ते त्यामुळेच. वैद्यकातली 'स्किल लॅब' हेच आहे. मोठ्या कामाचे तुकडे करायचे, एकेक तुकडा बाहुलीवर किंवा मित्रावर घटवायचा, कुणीतरी बघून चूक सांगायची, पुन्हा करायचं, आणि मगच पेशंटकडे जायचं. जॉर्ज मिलर या अमेरिकन अध्यापकाने १९९० मध्ये याच्या पायऱ्या मांडल्या. माहीत असणं वेगळं, कसं करायचं हे माहीत असणं वेगळं, करून दाखवणं वेगळं आणि रोजच्या कामात ते प्रत्यक्ष होणं वेगळं. आपली परीक्षा बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांवरच संपते. शाळेतही.

यात नवं फार काही नाही. सुश्रुतसंहितेत हाताच्या सरावावर एक अख्खा अध्याय आहे. शास्त्र कितीही पाठ असलं तरी सराव नसलेला शिष्य कामाला लायक नाही असं त्यात मानलं आहे आणि छेद घ्यायला कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी वापरायला सांगितलं आहे, पट्ट्या बांधायला कापडाची बाहुली. आजच्या लॅबमधली छाती दाबून श्वास देण्याच्या सरावाची बाहुली १९६० मध्ये नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्दाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्या कारखानदाराने तयार केली. भाची सांगत होती की छाती पाच ते सहा सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते. दोन मिनिटांत त्यांच्या वर्गातले धट्टेकट्टे मुलगेसुद्धा घामाघूम झाले.

आता त्या दुपारच्या रक्तदाबाकडे परत येते, कारण तिथं मी स्वतः धडा शिकले. परवानगी मिळाली तरी भाचीने लगेच पट्टा बांधला नाही. नानीला खुर्चीवर पाठ टेकवून बसवलं, पाय एकमेकांवर होते ते सोडून जमिनीवर ठेवायला सांगितले, हाताखाली उशी देऊन दंड छातीच्या पातळीवर आणला आणि म्हणाली, पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. आमच्या घरात पाच मिनिटं गप्प! शेजारणींचे चेहरे पाहण्यासारखे झाले. मग तिने आधी मनगटावर नाडी धरली. फुगा दाबत गेली आणि नाडी लागेनाशी झाली तो आकडा लक्षात ठेवला. पट्टा सैल केला. पुन्हा फुगवला, त्या आकड्याच्या ३० वर. मग कोपराच्या आत स्टेथोस्कोप ठेवून हवा हळूहळू सोडली, सेकंदाला दोन-दोन अंकांनी. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके थांबले तो खालचा. हे आवाज १९०५ साली निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने ओळखले आणि त्यांना अजून त्याचंच नाव आहे.

मी विचारलं, थेट ऐकायचं की, आधी नाडी कशाला चाचपायची? ती म्हणाली की काही लोकांत हे ठोके मधेच गायब होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. नुसतं कानावर विसंबलं तर तो खालचा आकडा वरचा समजला जातो आणि १८० चा माणूस १४० वर घरी पाठवला जातो. बोट फसत नाही, म्हणून आधी बोट.

अम्मीचा आकडा आला १३८ आणि ८४. भाचीने मुद्दाम दुसरा खेळ केला. नानीला चहा पूर्ण करू दिला, गप्पा सुरू होऊ दिल्या, आणि बोलता बोलता पट्टा बांधला. आला १५६ आणि ९२. तीच नानी, तोच हात, पाऊण तासाचं अंतर. आपल्याकडे दवाखान्यात धापा टाकत पोहोचायचं, नंबर लागला की स्टुलावर बसायचं, घट्ट बाही वर सरकवून दंडाला फास लावून घ्यायचा आणि "मला आठवड्यापासून झोप नाही" सांगता सांगता मोजून घ्यायचं, ही पद्धत. भगिनींनो, मोजायला जाताना सैल बाहीचा कपडा घाला, अर्धा तास आधी चहा नको, लघवीला जाऊन या, आणि मोजताना बोलू नका. आकडा एकदा चढलेला दिसला म्हणून आपल्या मनाने गोळी वाढवू नका, उतरलेला दिसला म्हणून बंदही करू नका.

हात धुण्याचाही एक प्रयोग झाला. तिने माझ्या मुलाला डोळे मिटायला लावून तळहातावर चित्रकलेचा निळा रंग घातला आणि साबण समजून हात धुवायला सांगितले. त्याला वाटलं, वुजू करतो, मला काय शिकवायचं. डोळे उघडले तर दोन्ही अंगठे मागून कोरे आणि बोटांची टोकं कोरी. म्हणजे तेवढी जागा धुतलीच गेली नव्हती. विद्यार्थ्यांच्या हातांनी काय होऊ शकतं हे १८४७ मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइसने दाखवलं. त्याच्या प्रसूती वॉर्डात वैद्यकाचे विद्यार्थी मृतदेह तपासून थेट बाळंतिणींकडे यायचे. त्या वर्षी एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावल्या. क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केल्यावर जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास आलं. त्याचं बोलणं मोठ्या डॉक्टरांना अपमानाचं वाटलं, ही वेगळी गोष्ट.

संध्याकाळी दुलाभाई आले. मुलीच्या डॉक्टरकीसाठी त्यांनी गावाकडची जमीन विकली आहे, पण मनात एक काटा आहे. मुलगी परपुरुषांना हात लावणार, हे कसं? हा प्रश्न आपल्या अनेक घरांत आहे आणि त्याला हसून उडवू नये. मी दुलाभाईंना स्टेथोस्कोपची गोष्ट सांगितली. १८१६ पर्यंत डॉक्टर छातीचे ठोके थेट कान लावून ऐकत. त्या वर्षी पॅरिसमध्ये रने लेनेक यांच्यापुढे हृदयाचा त्रास असलेली एक तरुण बाई आली. तिच्या छातीला कान लावणं त्यांना बरं वाटलं नाही. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, एक कानाला लावलं आणि आवाज कानापेक्षा स्वच्छ आला. डॉक्टरच्या गळ्यात आज जी वस्तू लटकते, ती हयेतून जन्मली आहे.

आपल्या परंपरेतही वाट आहे. रुबय्यिअ बिन्त मुअव्विज आणि रुफैदा अस्लमिया या सहाबियांनी जखमी पुरुषांची शुश्रूषा केल्याचे उल्लेख आहेत. रुफैदांचा तंबू तर मदिनेत मशिदीच्या आवारात होता. फिक्हचा नियम साधा आहे. गरज असेल तेवढंच आणि गरज असेल तिथवरच. मला नवल वाटलं ते हे की स्किल लॅबमध्ये नेमकं हेच शिकवतात. जो भाग तपासायचा तेवढाच उघडा ठेवायचा, बाकी चादरीने झाकायचा, काम झालं की लगेच झाकायचं. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर तिथं दुसरी बाई हजर पाहिजे. हा नुसता शिष्टाचार नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या आणि २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पाठवलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो बाईचा हक्क म्हणून लिहिला आहे. दवाखान्यात आपण तो मागू शकतो. आपल्या बायका मागत नाहीत. आधी संकोचाने तपासूनच घेत नाहीत आणि मग दोन वर्षं ओव्याचं पाणी पितात.

दुलाभाई काही बोलले नाहीत. अम्मी म्हणाली, "उस दिन एक लडकी भी आगे आके मेरे सर पे हाथ रखती, तो बस था."

भाषेच्या बाबतीत मात्र भाचीने माझ्याकडून घेतलं. तिची खोलीतली मैत्रीण राजस्थानची आहे. आपल्याकडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि अभिमत विद्यापीठांत तर सगळ्या देशातून मुलं येतात. त्यांना मराठी शिकवतात ते 'माझं नाव अमुक, तुमचं नाव काय' इथपर्यंत. पेशंट त्या मराठीत आजारी पडत नाही.

एक 'चक्कर' शब्द घ्या. पेशंट म्हणतो चक्कर येते आणि विद्यार्थी तेवढंच लिहून घेतो. पण म्हणजे नेमकं काय होतं असं विचारलं की एक बाई म्हणते, कूस बदलली की सगळं घर गरगर फिरतं. दुसरी म्हणते, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. तिसऱ्या आजोबांचा चालताना एका बाजूला झोक जातो. चौथ्याला उपाशी राहिलं की हातपाय गळून घाम सुटतो. पहिलीचा आजार कानाच्या आतल्या भागात असू शकतो, दुसरीचा रक्तदाबात किंवा रक्त कमी असण्यात, तिसऱ्याचा मेंदूत किंवा नसांत, चौथ्याचा साखरेत. मराठीने चार शब्द दिले आहेत, ते ऐकणारा कान पाहिजे. दुखण्याचंही तसंच. कळ लाटेसारखी येते आणि ओसरते, मुतखड्याची बहुधा तशीच. ठणका नाडीबरोबर ठोके देतो, पू झाला असेल तिथं. चमक क्षणात येऊन जाते, जळजळ बसून राहते. 'कणकण' हा शब्द तर त्या राजस्थानच्या मुलीला समजावताना माझी पुरेवाट झाली. ताप नाही पण ताप येऊ घातलाय, असं काहीतरी मी सांगितलं.

बायकांची भाषा आणखी झाकलेली. 'अंगावरून पांढरं जातं', 'अंग बाहेर येतं', 'दिवस वर गेलेत', आमच्या घरांत 'सफेद पानी'. ज्या मुलीला हे शब्द माहीत नाहीत तिच्यापुढे बाई बोलेल आणि तिला काही कळणारच नाही. आणि 'जीव घाबरा होतो', दख्खनीत 'दिल घबरारा'. हे ऐकून कुणी भीती, काळजी असं लिहील. पण हृदयविकारात बाईच्या छातीत दर वेळी दुखेलच असं नाही. पन्नाशीची बाई घाम पुसत असं म्हणत असेल तर ते काळजीचं लक्षण समजून घरी पाठवणं महागात पडेल. घरात उर्दू किंवा दख्खनी आणि शाळेत मराठी शिकलेल्या आपल्या मुली इंग्रजीच्या भीतीने मागच्या बाकावर बसतात. वॉर्डात पेशंटच्या खाटेजवळ सगळ्यांत पुढे त्याच असायला हव्यात.

विचारण्याची रीतही माझ्या धंद्यातली निघाली. 'समजलं का?' असं विचारलं की अख्खा वर्ग 'हो बाई' म्हणतो, हे मला वीस वर्षांचं ठाऊक आहे. पेशंटही म्हणतो. 'इथं दुखतं का?' विचारलं तरी तो डॉक्टरांच्या मानाखातर हो म्हणेल. म्हणून या मुलांना आता शिकवतात की आधी मोकळा प्रश्न विचारायचा, काय होतंय सांगा, आणि मधे तोंड घालायचं नाही. शेवटी 'गोळी समजली का' असं न विचारता 'घरी गेल्यावर गोळी कशी घ्याल ते मला सांगा' असं म्हणायचं. सोमवारी मी हे आठवीच्या वर्गात करून पाहिलं. अलंकार कुणालाच समजले नव्हते.

रात्री जेवताना मी भाचीला विचारलं की पहिल्या वर्षाच्या मुलीने पेशंटला भेटून उपयोग काय, तुला उपचार तर येत नाहीत. मग मलाच अर-राझी आठवले. नवव्या-दहाव्या शतकातले रय्य आणि बगदादचे हे मोठे हकीम. त्यांच्या बैठकीचं वर्णन इब्न नदीम यांच्या 'फिहरिस्त' या ग्रंथात आहे. जवळ त्यांचे शिष्य बसत, पलीकडे शिष्यांचे शिष्य, त्यांच्या पलीकडे आणखी नवे. आलेला रुग्ण आधी सर्वांत नव्या मुलांना आपलं दुखणं सांगे. त्यांना उमगलं तर ठीक, नाहीतर प्रश्न आतल्या वर्तुळाकडे सरके, आणि कुणालाच जमलं नाही तर राझी बोलत. म्हणजे नव्याला सगळ्यांत आधी संधी मिळे, पण उस्ताद उठून गेलेला नसे. त्याच बगदादमध्ये ९३१ साली एका वैद्याच्या चुकीने माणूस दगावला, तेव्हा खलिफा मुक्तदिरने सिनान बिन साबित यांना वैद्यांची परीक्षा घ्यायला लावली. आठशेहून जास्त वैद्य परीक्षेला बसले असं इतिहासकार लिहितात. वैद्यक न शिकता उपचार करणारा झालेल्या नुकसानीला जबाबदार आहे, या अर्थाची पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची हदीस अबू दाऊदमध्ये आहे.

महाराष्ट्रात याचा जुना नमुना बघायचा तर वर्ध्याजवळ सेवाग्रामला. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी तिथं मेडिकल कॉलेज काढलं. प्रवेश मिळालेली मुलं आधी पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात राहतात, झाडलोट करतात, मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्यांना त्या गावातली काही कुटुंबं वाटून दिली जातात. चूल कशी आहे, पाणी कुठून येतं, घरात कोण खोकतं, हे पहिल्याच वर्षी डोळ्यांनी बघायचं. २०२१-२२ च्या तुकडीपासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याचा हा पाठ देशभर लागू केला. आमच्या माणहून चांदे-नांदे ओलांडलं की लवळ्याला २०२० मध्ये सिंबायोसिसचं फक्त मुलींसाठीचं मेडिकल कॉलेज सुरू झालं आहे. मुळशीच्या गावांत पांढरे कोट घातलेल्या पोरी वहीत माहिती लिहिताना दिसल्या तर त्यांना सरकारी पाहणीवाल्या समजून दारातून परत पाठवू नका.

सगळं गोड नाही. भाचीच्याच वहीत एका पानावर बारा कौशल्यांपुढे एकाच तारखेच्या सह्या होत्या. मी बोट ठेवलं तर ती लाजली. दीडशे मुलं, बाहुल्या मोजक्या, शिकवणारे त्याहून मोजके. काही जण नुसते बघतात आणि सही मिळते. आमच्या बी.एड.च्या पाठांच्या वह्याही अशाच भरल्या जायच्या, त्यामुळे मला उपदेश करायला जागा नव्हती. एवढंच म्हटलं की फळ्यावर चुकीचं लिहिलं तर पुसता येतं. ती त्या बारापैकी चार गोष्टी पुन्हा करून घेणार आहे, इन्शाअल्लाह.

गेल्या महिन्यात अम्मीला मोतीबिंदूच्या तपासणीला नेलं. डोळ्यांत औषध टाकून बाकावर बसवलं होतं. एक कोवळा मुलगा आला, कोटाची घडीसुद्धा मोडली नव्हती. "आजी, मी विद्यार्थी आहे. तुम्हाला काय त्रास होतो ते विचारू का? दहा मिनिटं लागतील." अम्मी म्हणाली, "आज नको बेटा, डोळे झोंबतायत." मी तिच्याकडे बघतच राहिले. मुलगा म्हणाला, "ठीक आहे आजी, आराम करा," आणि पुढच्या बाकाकडे गेला. कुणी रागावलं नाही, नंबर मागे गेला नाही, नर्सने वेळेवर दुसरा थेंब टाकला.

दहा-पंधरा मिनिटं अम्मी डोळे मिटून बसून होती. मग माझा हात चाचपून म्हणाली, "वो बच्चा गया क्या? बुला उसको. बोल, नानी बताती है. और बोल, पहले हाथ धोके आ."